कुत्रा, ससा आणि जीर्णोद्धार समिती

परदेशी मुलीकडे राहून आलेल्या माणसाला पुण्यात साधारण तीन प्रश्न विचारले जातात. पाऊस फार होता का? जेवणाचे हाल झाले का? आणि तिकडे काय काय पाहिलंत? पहिल्या दोन प्रश्नांना मी इतरांसारखीच उत्तरं देतो. तिसऱ्याला मात्र मी 'किलपेक' म्हणतो, आणि समोरचा माणूस गोंधळतो. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ म्हणाले, "किलबिल? लहान मुलांचं काही आहे का?" मी म्हटलं, "तसंच समजा." मी ते चिडून म्हटलं होतं. पण रात्री पडल्यापडल्या विचार केला, तर उत्तर अगदीच चुकलेलं नव्हतं.

किलपेक हे इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सरहद्दीजवळ, हेरफर्ड शहरापासून आठ-नऊ मैलांवरचं खेडं. खेडं म्हणायचं ते आपलं पद्धत म्हणून. थोडी घरं, पुष्कळ मेंढ्या आणि एक चर्च. हे चर्च इसवी सन 1140 च्या सुमाराला बांधलं. म्हणजे आपलं अंबरनाथचं देऊळ 1060 चं धरलं, तर त्यानंतर ऐंशीएक वर्षांनी. ही तुलना मी उगाच करत नाही. बांधकाम खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला इमारत दिसली की तिचं वय आणि तिची भेग याखेरीज दुसरं काही सुचत नाही. आमची ही म्हणते, ताजमहाल बघताना सुद्धा मी आधी त्याच्या पाण्याच्या निचऱ्याची चौकशी केली होती. खरं आहे. निचरा उत्तम आहे.

आम्ही बर्मिंगहॅमहून गाडीने निघालो त्या सकाळी गावाकडून चुलतभावाचा, म्हणजे बापूचा, मोबाइलवर संदेश आला. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार पक्का झाला, आराखडा पास झाला, फरशांची ऑर्डर दिली, सोबत नमुन्याचा फोटो. फरशीवर मोर होता. मोराच्या पिसाऱ्यात चमकी होती. खाली बापूने लिहिलं होतं, 'तुझ्या अंदाजपत्रकाबरहुकूम. समिती तुझी ऋणी आहे.'

हे अंदाजपत्रक मीच केलं होतं. गावाचं नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथे जायचं असतं. देऊळ काळ्या दगडाचं, लहानसं, ज्याला आपल्याकडे कुणीही सरसकट हेमाडपंती म्हणतो तसलं. सभामंडप गळतो. समितीने विचारलं, काय करावं? मी खात्यातला माणूस. मी म्हटलं, सभामंडप उतरवा, काँक्रीटचा स्लॅब टाका, आतून फरशा लावा, धुवायला सोपं. दोन पानी अंदाजपत्रक, खाली सही, तारीख. चौतीस वर्षं मी असल्याच सह्या केल्या. त्या सहीत काही गैर आहे असं मला हेरफर्डपर्यंत वाटलं नव्हतं.

तर, चर्च. लांबून बघितलं तेव्हा मला हसूच आलं. एवढंसं! आपल्या एखाद्या मध्यम मंगल कार्यालयाच्या भोजनगृहात सहज मावेल. एकापुढे एक तीन खोल्या, पुढची मागचीपेक्षा लहान. आधी लोकांची खोली, मग पाद्र्याची, मग शेवटी पूर्वेला अर्धगोल गाभारा. मनात आलं, अरे, हे तर आपलंच! सभामंडप, अंतराळ, गर्भगृह. देवाकडे जाताना जागा लहान लहान होत जावी आणि उजेड कमी होत जावा, हे शहाणपण या दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांना न विचारता शोधून काढलं. उगाच कळस नाही, मनोरा नाही. पश्चिमेच्या टोकाला घंटा टांगायचं एक नखाएवढं घरटं आहे. माझ्यातल्या निवृत्त अभियंत्याने 'साधं, नेटकं, मोजमापाला सोपं' असा शेरा मनातल्या मनात मारला आणि आपण आता दहा मिनिटांत मोकळे, असं ठरवलं. आम्ही तिथे तीन तास होतो.

घोटाळा केला तो छपराच्या कडेने. भिंत संपते आणि छप्पर सुरू होतं त्या सांध्याखाली सगळ्या चर्चभोवती दगडाचे ठोकळे भिंतीतून बाहेर आलेले आहेत. तिकडे त्यांना कॉर्बेल म्हणतात, आमच्या खात्यात आम्ही ब्रॅकेट म्हणायचो. कडेचा दगडी पट्टा तोलून धरायचा, एवढंच त्यांचं काम. आता असे ठोकळे लागतात किती? मूळचे 91 असावेत असं मानतात, त्यांपैकी 85 आज शिल्लक आहेत. कुठलाही शहाणा ठेकेदार काय करील? एक नमुना तयार करील आणि 'सदर प्रमाणे 85 नग' असं बिल लावील. मीही ते बिल पास करीन. किलपेकच्या कारागिराने मात्र जवळजवळ प्रत्येक ठोकळ्यावर निराळं काहीतरी कोरलं आहे. डुक्कर आहे. मेंढा आहे. तंतुवाद्य वाजवणारा एक वादक आहे. मिठी मारून बसलेली दोन माणसं आहेत, ती प्रेमात आहेत की कुस्तीत, यावर विद्वानांचं एकमत नाही. (लग्न झालेल्या वाचकांना हा प्रश्न अवघड वाटू नये.) तोंडात माणसं धरलेलं अस्वल आहे. आणि एका ठोकळ्यावर एक कुत्रा आणि एक ससा, शेजारी शेजारी.

हा कुत्रा आणि हा ससा मी तुम्हांला कसा सांगू? कुत्र्याचे कान खाली लोंबताहेत, डोळे मोठे, चेहरा थोडा ओशाळा. परीक्षेत नापास झाल्याचं घरी सांगायचं राहिलेल्या मुलासारखा. ससा त्याला चिकटून, कान मागे टाकून, जगाकडे बघत निवांत. शिकारी आणि शिकार. पण कुणीही कुणाच्या मागे धावत नाही. माझा नातू ईशान, वय वर्षे आठ, खालून ओरडला, "आजोबा, कार्टून!" आणि मला त्याला दटावता येईना, कारण तो बरोबर बोलत होता. व्यंगचित्रकार जे एका रेषेत साधतो ते या माणसाने एका घावात साधलं होतं, आणि तेही तांबड्या वालुकाश्मात, जिथे चुकलेली रेघ खोडता येत नाही.

समीक्षक मंडळींची एक सवय मला कधीच आवडली नाही. कुठलंही चित्र दिसलं की ते त्याचा अर्थ विचारतात. सशाचा अर्थ काय? कुणी म्हणतो वासना, कुणी म्हणतो भित्रा भाविक. डुकराचा अर्थ काय? खादाडपणा. असेलही. बाराव्या शतकातल्या पाद्र्यांजवळ अशी प्राण्यांच्या बोधकथांची पुस्तकं असत आणि त्यांत प्रत्येक जनावराला एकेक तात्पर्य जोडलेलं असे. पण माझं मत विचाराल तर तो कारागीर सकाळी कामावर येताना त्याच्या पायात एक कुत्रा आला असणार. बस्स. उरलेलं तात्पर्य पाद्र्याने बिल पास करताना शोधलं असणार. बिल पास करताना मीही पुष्कळ तात्पर्यं शोधलेली आहेत.

दक्षिणेचा दरवाजा मात्र थट्टेवारी न्यावा असा नाही. त्याच्यासमोर मी गप्प उभा राहिलो, आणि हिने येऊन तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं. दाराच्या वरच्या अर्धगोलात एक वेल आहे, द्राक्षांची, जीवनवृक्ष म्हणतात त्याला. भोवती कमानींची मंडलं एकात एक, त्यांत पक्षी, मासे, राक्षसी तोंडं. दोन्ही बाजूंच्या खांबांवर साप सरसर वर-खाली गेलेले, आपलीच शेपूट गिळणारे. डावीकडच्या खांबावर वेलींच्या गुंत्यात दोन सडसडीत शिपाई, डोक्याला टोकदार टोप्या आणि अंगात चुणीदार विजारी. विजारीची एकूणएक चुणी मोजता येते. मी मोजायला सुरुवात केली होती. उजव्या खांबाच्या माथ्यावर एक मुखवटा आहे आणि त्याच्या तोंडातून पानं-वेली बाहेर पडताहेत.

हा मुखवटा बघून मी थबकलो. त्याचं तोंड मला ओळखीचं होतं. आमच्या देवळाच्या उंबऱ्यावर कीर्तिमुख आहे. तेच बटबटीत डोळे, तेच फाकलेलं तोंड. लहानपणी तो उंबरा ओलांडताना मी आईचा पदर घट्ट धरायचो. पाय पडला तर चावेल, असं बापूने मला सांगितलं होतं आणि पुरावा म्हणून आपली अंगठ्याची जखम दाखवली होती. ती विटी लागून झालेली होती, हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं. किलपेकच्या मुखवट्याचा आणि आमच्या कीर्तिमुखाचा नात्यागोत्याचा काही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. हा तिकडच्या पानांतला, तो आपल्या पुराणातला. पण दारात एक भयंकर तोंड हवंच, त्याशिवाय आतल्या देवाची शांती कळत नाही, हे दोन्हीकडच्या पाथरवटांना कळलं होतं. फरक एवढाच, की किलपेकच्या तोंडाच्या कडेला छिन्नीची धार अजून कळते. आमच्या कीर्तिमुखाला ऑइलपेंट आहे. चंदेरी. डोळ्यांत पांढरा, बुबुळाला काळा, जिभेला लाल. हा रंग मला उपअभियंता म्हणून बढती मिळाली तेव्हा, नवस फेडायचा म्हणून, मीच सहा डबे आणून लावून घेतला होता. त्या वेळी गावाने माझा सत्कार केला होता. नारळ अजून आठवतो, खवट निघाला होता.

आता जरा टीकाही करतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की परदेशातलं म्हणून याला सगळंच गोड. आत गेलं की लोकांची खोली आणि पाद्र्याची खोली यांच्यामधल्या कमानीच्या दोन्ही बाजूंना संत कोरले आहेत, एकाच्या डोक्यावर एक असे तीन-तीन. हे संत मला पटले नाहीत. एकाच्या हातात किल्ली आहे, म्हणून तो सेंट पीटर. बाकीचे पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखे. स्पेनमध्ये सांतियागो दे कोम्पोस्तेला इथल्या मोठ्या देवळात असे एकावर एक संत असलेले खांब आहेत, त्यांवरून ही कल्पना आली असावी असं जाणकार म्हणतात. कल्पना पाहुणी होती हे कळतं. कारागिराने हे संत वरिष्ठांच्या सांगण्यावरून केले, आणि कुत्रा स्वतःच्या मनाने केला. बाहेरच्या ठोकळ्यांत एक येशूचं कोकरू सुद्धा आहे, खांद्याशी क्रूस असलेलं, धर्मात त्याला केवढा मान. ते कोकरू हुबेहूब घोड्यासारखं दिसतं. आजूबाजूला शेकडो मेंढ्या चरत असताना हा माणूस कोकरात चुकला, आणि डुकरात, कुत्र्यात, सशात चुकला नाही! हुकमी कामाचं असंच होतं. मंत्र्याच्या स्वागताची कमान आम्ही घाईने बांधली की हटकून वाकडी व्हायची.

या कारागिरांची नावं कुठेही लिहिलेली नाहीत. जागेच्या मालकाचं नाव आहे, ह्यू. त्याने हे चर्च 1134 मध्ये ग्लॉस्टरच्या मठाला दान दिलं, त्याचं दप्तर आहे. पाथरवटाचं दप्तर नाही. पण हाताचं वळण लपत नाही. आसपासच्या पुष्कळ खेड्यांत हाच हात दिसतो. अर्डिस्ली गावच्या बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडावर दोन योद्धे लढताहेत, त्यांच्याही अंगात त्याच चुणीदार विजारी. त्याला आता 'हेरफर्डशायर घराणं' म्हणतात. शब्द मला आवडला. ग्वाल्हेर, किराणा आणि हेरफर्डशायर. या घराण्यात नॉर्वेकडचे साप आहेत, आयर्लंडकडच्या गाठी आहेत, फ्रान्स-स्पेनच्या वाटेवरच्या कमानी आहेत, आणि तरी हे सगळं मिळून तिथल्याच मातीचं वाटतं. पश्चिमेच्या भिंतीतून बाहेर डोकावणारी ड्रॅगनची लांबोडकी तोंडं तर सरळ एखाद्या जहाजाच्या नाळेवरची म्हणून खपतील.

यानंतर जो प्रसंग घडला तो लिहावा की नाही यावर घरात चर्चा झाली. ही म्हणाली लिहा.

आम्ही गाभाऱ्याला वळसा घालून दक्षिणेकडे येत होतो. ईशान पुढे. तो एकेक ठोकळा मोठ्याने वाचत होता, "पक्षी… राक्षस… पुन्हा राक्षस…" आणि मग तो थांबला. "आजोबा, ही बाई काय करतेय?"

मी वर पाहिलं. वर जी बाई होती ती जगात किलपेकचं नाव काढणारी बाई आहे, आणि तिच्याबद्दल घरून निघताना जावईबापूंनी एक अक्षर सांगितलं नव्हतं. मोठं टक्कल पडलेलं डोकं, मोठे डोळे, तोंडावर हसू, आणि दोन्ही हातांनी स्वतःचा स्त्रीदेह… आता हे मासिकात कसं लिहितात?… उघडून दाखवते आहे. एवढंच लिहितो. असल्या मूर्तींना तिकडे शीला-ना-गिग म्हणतात. आयर्लंडात आणि इंग्लंडात त्या अनेक ठिकाणी आहेत, आणि बहुतेक सगळ्या चर्चांवर आणि किल्ल्यांवर.

मी जावईबापूंकडे पाहिलं. त्यांना एकाएकी शेजारच्या पडक्या किल्ल्याच्या टेकाडात विलक्षण रस निर्माण झाला होता. मुलगी पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. जबाबदारी वरिष्ठांवर आली. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "हे बघ ईशान, ती… ती दाखवतेय की माझं मन किती मोकळं आहे."

"पण मन तिथे नसतं," ईशान म्हणाला. त्यांच्या शाळेत शरीरशास्त्र लवकर शिकवतात.

"अहो, काय सांगताय त्याला!" ही मागून आली. ही मराठवाड्यातली, आणि नोकरी ग्रंथालयात. हिने चष्मा सारखा केला, वर नीट पाहिलं, आणि भाजीवालीकडे भोपळा बघावा इतक्या सहजपणे म्हणाली, "लज्जागौरीसारखी दिसते की ही. बाळ येतं ना जगात, ते जिथून येतं ते दाखवतेय, राजा. आपल्याकडे अशी देवी असते. तिला हळदकुंकू वाहतात." ईशान "ओके" म्हणाला आणि पुढच्या राक्षसाकडे गेला. प्रश्न मिटला. किल्ल्याचं महत्त्वही जावईबापूंच्या लेखी तात्काळ कमी झालं.

हिने मग परतीच्या वाटेवर मला समजावून सांगितलं. रा. चिं. ढेरे यांचा 'लज्जागौरी' हा ग्रंथ 1978 चा, हिच्या ग्रंथालयात तो होता आणि तो घरी न्यायला लोक लाजत. तेरपासून बदामीपर्यंत अशा मूर्ती सापडल्या आहेत. त्यांना डोकं नसतं, डोक्याच्या जागी कमळ असतं, मूल व्हावं म्हणून बायका तिची पूजा करत आल्या. किलपेकच्या बाईला डोकं आहे आणि ते चांगलं मिस्कील आहे. तिला हळदकुंकू कुणी वाहत नाही. ती तिथे कशाला बसवली, यावर कुणी म्हणतं पापाची भीती घालायला, कुणी म्हणतं दृष्ट लागू नये म्हणून, कुणी म्हणतं जुन्या एखाद्या देवीची ती आठवण. दोघींची ओळख असण्याचा काही पुरावा नाही. पण ओळख झाली असती तर दोघींनी बसून बाळंतपणाच्या गप्पा मारल्या असत्या, असं हिचं मत पडलं, आणि ते मला विद्वानांच्या बहुतेक मतांहून बरं वाटलं.

माझी स्वतःची लाज मात्र गेली नव्हती. ती थोडी कमी केली एका इंग्रजानेच. जॉर्ज रॉबर्ट लुईस नावाच्या चित्रकाराने 1842 साली या चर्चच्या कोरीव कामाची चित्रं काढून पुस्तक छापलं. त्याला ही बाई चुकवता येईना. मग त्याने काय लिहावं? हा एक विदूषक आहे, त्याच्या छातीला चीर आहे, तो त्याच्या हृदयाचा रस्ता, आणि तो सगळ्यांसाठी सदैव उघडा आहे, अशा अर्थाचं! म्हणजे मी ईशानला जे सांगितलं ते नेमकं. पावणेदोनशे वर्षांनी दोन सभ्य गृहस्थ एकाच दगडाखाली उभे राहून एकच थाप मारतात, याला परंपरा म्हणायला हरकत नाही.

पण हा लुईस मला आवडतो, तो दुसऱ्या कारणासाठी. त्याच वेळी चर्चची डागडुजीही निघाली होती. 1848 साली ती कॉटिंगहॅम नावाच्या वास्तुकाराने केली. आता डागडुजी म्हटली की माझ्यासारख्याचे हात शिवशिवतात. इथे एक दार मोठं करू, तिथे झिजलेला ठोकळा नवा घडवू, त्या बाईचं काहीतरी करू. त्या काळातले इंग्रज तर असल्या कामात आपल्याहून पुढे होते, शेकडो चर्चं त्यांनी सुधारून सुधारून मारली. किलपेकला जे होतं ते बरंचसं राहिलं. शेजारचा किल्ला, जिथे एके काळी जॉन राजा मुक्कामाला यायचा, तो पडला. गाव ओसरलं. जवळ पैसा उरला नाही, आणि पैसा नाही म्हणून मोर असलेली फरशी आली नाही. दगडही चिवट होता. एवढ्या पुण्याईवर कुत्रा आणि ससा जवळजवळ नऊशे वर्षं शेजारी बसून आहेत.

दुसऱ्या दिवशी जावईबापूंनी आम्हांला शॉब्डनला नेलं. मला वाटतं, ते न नेते तर बरं झालं असतं.

शॉब्डनचं चर्च याच घराण्याचं, किलपेकच्या थोडं आधीचं. ऑलिव्हर द मेर्लिमाँ नावाच्या एका कारभाऱ्याने ते उभारलं. हा गृहस्थ सांतियागोच्या यात्रेला जाऊन आला होता, तिथल्या वाटेवरच्या देवळांची आठवण त्याने बरोबर आणली असावी असं म्हणतात. पुढे अठराव्या शतकात गावच्या जमीनदाराला जुनं चर्च अंधारं, ओबडधोबड वाटू लागलं. त्याने ते 1750 नंतर उतरवलं आणि जागेवर नवीन बांधलं. नवीन चर्च बघितलं. पांढरं आणि फिकं निळं, आतून लग्नाच्या केकसारखं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलंच. हवेशीर आहे, लख्ख आहे. धुवायला सोपं.

आणि जुन्याचं काय केलं? तो जमीनदार काही दुष्ट नव्हता. त्याला त्या कोरीव कमानी टाकवेनात. त्याने त्या उचलून समोरच्या टेकडीवर शोभेसाठी उभ्या केल्या. प्रासादातून दिसायला छान. छप्पर नाही, आडोसा नाही. पाऊस, वारा, बर्फ. आम्ही गवतातून चढून वर गेलो. कमानी उभ्या आहेत, आकार आहे. पण त्यांच्यावरची माणसं विरघळलेल्या साबणाच्या वडीसारखी झाली आहेत. एके ठिकाणी चुणीदार विजार असावी असं मला वाटलं. ईशान म्हणाला, "हा कोण?" मी जवळ जाऊन बघितलं, चष्मा पुसून बघितलं. सांगता येईना. लुईसने याही कमानी काढून 1852 मध्ये छापल्या, आणि त्या वेळीच शंभर वर्षांच्या पावसाने पुष्कळ खाल्लं होतं. डोंगरावर नेण्याआधी सहाशे वर्षं त्या बऱ्या होत्या, कारण त्यांच्या डोक्यावर एक गळकं का होईना छप्पर होतं.

माझ्या अंदाजपत्रकाच्या दुसऱ्या पानावर बाब क्रमांक अकरा अशी आहे: 'जुने कोरीव दगड काढून आवारात शोभिवंत रीतीने मांडणे, एकत्रित दर.' हे शब्द माझे आहेत. 'शोभिवंत' हा शब्द मी मुद्दाम घातला होता, म्हणजे समितीतल्या म्हाताऱ्यांना वाईट वाटू नये.

मी टेकडीवरूनच बापूला फोन लावला. गावाकडे रात्रीचे नऊ वाजले होते, बापू जेवत होता.

"बापू, ते काम थांबव."

"कुठलं?"

"देवळाचं. सभामंडप उतरवायचा नाही."

"अरे, पण तूच तर सही केलीस."

"ती मी मागे घेतो."

पलीकडे बराच वेळ फक्त चावण्याचा आवाज. मग बापू म्हणाला, "मग गळतंय त्याचं काय करायचं?" हा प्रश्न योग्य होता आणि किलपेकच्या कुत्र्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, वरचा थर काढून चुन्याचा करून घेऊ, जुनं काम जाणणारा माणूस शोधू, वेळ लागेल, कदाचित स्लॅबपेक्षा महागही पडेल. "आणि कीर्तिमुखाला हात लावू नकोस. रंग कसा काढायचा ते विचारून सांगतो. कॉस्टिक नको, घासणं नको." बापू म्हणाला, "तो रंग तूच लावला होतास." मी म्हटलं, "माहीत आहे." बापू म्हणाला, "नारळ पण दिला होता आम्ही." मी म्हटलं, "माहीत आहे, बापू."

"आणि फरशांची आगाऊ रक्कम? ऐंशी हजार गेलेत. तो परत घेत नाही."

वारा फार होता. मी ऐकू न आल्यासारखं करून पाहिलं. मग म्हणालो, "ते मी देतो." ही शेजारीच उभी होती. तिने पदर सावरत विचारलं, "काय देताय?"

समितीत मतं चार विरुद्ध चार पडली, आणि गुरवाने कीर्तिमुखाच्या बाजूने मत दिलं. कारण त्याने नंतर बापूला सांगितलं ते असं, की काँक्रीटच्या मंडपात त्याच्या आरतीचा आवाज घुमत नाही. या पावसाळ्यात सभामंडपात पाच बादल्या ठेवाव्या लागल्या. चुन्याचं काम करणारा एक म्हातारा मिळाला आहे, तो दिवाळीनंतर येतो म्हणतो. तीन समिती-सदस्य माझ्याशी बोलत नाहीत.

फरशा आमच्या फ्लॅटवर आल्या, खोकी सव्वीस. कुणी घेत नाही. हिने त्यांतल्या थोड्या गच्चीतल्या तुळशीभोवती बसवून घेतल्या. ऊन पडलं की मोरांचे पिसारे चमकतात आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंनी चौकशी केली, कुठे मिळतात म्हणून.